भोजनदान घेणारा याचक नव्हे, ग्राहक आहे!

एप्रिल जवळ आला की आपल्या मंडळांच्या बैठकांत आणि मोबाईलवरच्या ग्रुपांत एक वाद हमखास पेटतो. सार्वजनिक ठिकाणी अन्नवाटप करणाऱ्या मंडळांनी आणि संस्थांनी नोंदणी करून घ्यावी, स्वच्छता पाळावी, असे अन्न व औषध प्रशासनाचे आवाहन कोणीतरी ग्रुपवर टाकतो आणि खाली उत्तरे सुरू होतात. 'आता बाबासाहेबांच्या जयंतीलाही लायसन्स लागणार का?' 'गणपतीच्या महाप्रसादाला कोणी विचारतं का?' 'आम्ही विकत नाही, दान करतो, मग कायदा आम्हाला कसा लागू?' शेवटी एकजण 'हा मनुवादी प्रशासनाचा डाव आहे' असे लिहितो, त्याला भरभरून अंगठे मिळतात आणि बैठक पुढच्या विषयावर जाते. म्हणजे डीजेवर.

आम्ही या वादात बाजू घेणार आहोत. प्रत्येक मंडळाने नोंदणी करावी, नियम पाळावेत आणि वस्तीतल्या कोणत्याही बाईने, कोणत्याही पोराने 'हे पाणी कुठलं?' असे विचारले तर त्याला सरळ उत्तर द्यावे. हे सरकारला खूश करण्यासाठी नाही. या कायद्यात एक शब्द असा आहे, जो आपल्या बाजूचा आहे आणि जो आपल्याच कार्यकर्त्यांनी वाचलेला नाही. त्या शब्दाकडे येऊच, पण आधी संशयाबद्दल बोलू, कारण तो संशय खोटा नाही.

जुलै २०२४ आठवा. उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरच्या ढाब्यांनी, खानावळींनी आणि फळांच्या हातगाड्यांनीसुद्धा मालकाचे नाव ठळक लावावे, असे फर्मान निघाले. सुरुवात मुझफ्फरनगरच्या पोलिसांनी केली. कारण काय, तर यात्रेकरूंच्या मनात गोंधळ नको. नाव वाचले की धर्म कळतो आणि आडनाव वाचले की जात कळते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली. अन्न कोणत्या प्रकारचे आहे हे लिहायला सांगता येईल, मालकाचे नाव लिहायची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. अन्न सुरक्षा कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याला जे अधिकार आहेत ते पोलिसांनी बळकावू नयेत, हेही त्या आदेशात आहे.

डिसेंबर २०२१ आठवा. उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या सूखीढांगच्या शाळेत पोषण आहार शिजवायला एक दलित भोजनमाता नेमली गेली आणि सवर्ण मुलांनी तिच्या हातचे जेवायला नकार दिला. तिला कामावरून दूर करण्यात आले, कारण नेमणुकीतल्या त्रुटीचे दिले गेले. तिच्या डाळीत जंतू सापडला नव्हता, तिच्या भाताचा नमुना कोणत्याही प्रयोगशाळेत नापास झाला नव्हता. नापास झाली होती ती तिची जात.

तेव्हा 'स्वच्छता' हा शब्द ऐकला की आपल्या माणसाचे कान टवकारतात, यात नवल नाही. पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द आपल्याला दूर ठेवण्यासाठीच वापरला गेला. प्रश्न एवढाच आहे की त्यामुळे तो शब्द आपण त्यांना आंदण देऊन टाकायचा का?

याचे उत्तर महाडला आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव १९२३ मध्येच झाला होता, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. कागद तयार होता, घोट घ्यायला तीन वर्षे लागली. त्या परिषदेच्या मांडवासाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, हे आजच्या पोरांनी लक्षात ठेवावे. आणि नंतर काय झाले? आपली माणसे वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून सनातन्यांनी मांडवावर हल्ला केला. लोक जेवत होते, काही बांधाबांध करत होते. अन्न मातीत गेले. मग तळे 'शुद्ध' करण्याचा विधी झाला. १०८ घागरी पंचगव्य त्या पाण्यात ओतले गेले. पंचगव्य म्हणजे दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेण.

हे जरा सावकाश वाचा. माणसांनी ओंजळीने पाणी प्यायले म्हणून पाणी बाटले आणि त्यात शेण-मूत कालवल्यावर ते पवित्र झाले! शुद्धी आणि स्वच्छता या दोन एकमेकींच्या उलट्या गोष्टी आहेत, याचा याहून मोठा पुरावा आम्हाला माहीत नाही. शुद्धी विचारते, हात कोणाचा? स्वच्छता विचारते, हात धुतला का? पहिल्या प्रश्नाला जात लागते, दुसऱ्याला साबण लागतो. अन्न सुरक्षेच्या कायद्याला पहिला प्रश्न विचारायचा अधिकारच नाही. त्याच्या सबंध मजकुरात पाणी, भांडी, नखे, जखमा, झाकणे, तापमान, कचरा आहे. आचाऱ्याची जात, गोत्र, सोवळे-ओवळे त्यात कुठेही नाही. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या नातवंडांना अशा कायद्याची भीती का वाटावी?

आता तो शब्द.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ मध्ये झाला आणि ऑगस्ट २०११ पासून नियमांसह लागू झाला. त्याच्या तिसऱ्या कलमात व्याख्या आहेत. 'अन्न व्यवसाय' म्हणजे काय? नफ्यासाठी असो वा नसो, सरकारी असो वा खासगी, अन्न तयार करणे, साठवणे, वाहून नेणे, वाटणे यांतले काहीही करणारा कोणताही उपक्रम. 'नफ्यासाठी असो वा नसो' हे शब्द कायद्यातच आहेत, तेव्हा 'आम्ही विकत नाही' हा बचाव तिथेच संपला. पण आमचा मुद्दा याच्या पुढचा आहे. त्याच कलमात 'ग्राहक' कोण याची व्याख्या आहे. आपल्या वैयक्तिक गरजेसाठी अन्न विकत घेणाऱ्या आणि ते स्वीकारणाऱ्या व्यक्ती आणि कुटुंबे. स्वीकारणाऱ्या! म्हणजे दादरला चैत्यभूमीजवळ रांगेत उभी राहून द्रोणात खिचडी घेणारी लातूरची म्हातारी कायद्याच्या नजरेत भिकारी नाही. पंचतारांकित हॉटेलात बिल भरणारा माणूस जेवढा ग्राहक, तेवढीच ती. त्याला जेवढे सुरक्षित अन्न मागण्याचा हक्क, तेवढाच तिला.

आपल्याकडे म्हण आहे, 'धरमाची गाय आणि दात का गं नाय?' फुकट मिळाले आहे ना, मग दात कसले मोजता? ही म्हण म्हणजे दान घेणाऱ्याच्या तोंडावर मारलेली चापट आहे. घेणाऱ्याने तक्रार करायची नाही, वास घ्यायचा नाही, शिळे का म्हणून विचारायचे नाही. या म्हणीवर हजार वर्षे गावगाडा चालला. महारकीच्या बदल्यात काय मिळे? शिळे तुकडे, उष्टे, मेलेल्या जनावराचे मांस. ताजे, शिजवलेले, गरम अन्न सन्मानाने समोर येणे हे आपल्या आज्या-पणज्यांच्या नशिबी नव्हते. महाडच्या त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितले की मृत मांस सोडा, शिळेपाके तुकडे मागून खाणे सोडा. पोट भरण्यापेक्षा स्वाभिमान मोठा, हे ते अर्धपोटी माणसांना सांगत होते, आणि त्या माणसांनी ते ऐकले. गावोगाव लोकांनी मेलेली जनावरे ओढणे बंद केले, त्यासाठी बहिष्कार सोसले.

आता सांगा, रात्री दोन वाजता शिजवलेला मसालेभात दुपारी दोन वाजता, एप्रिलच्या उन्हात, उघड्या टोपातून काढून त्याच माणसांच्या नातवंडांच्या पत्रावळीवर वाढायचा आणि कोणी नाक मुरडले तर 'फुकट आहे, गप खा' म्हणायचे, हे काय आहे? वाढणाऱ्याच्या गळ्यात निळा गमछा आहे म्हणून शिळ्या अन्नाची जात बदलते का?

'आजवर कोणाला काही झालं नाही' असे म्हणणारे प्रत्येक मंडळात एकदोन जाणते असतात. त्यांना आमचा साधा प्रश्न आहे. तुम्हाला कसे कळले? बाहेरगावाहून आलेला माणूस जेवतो, रात्रीच्या गाडीने परभणीला किंवा अकोल्याला जातो, वाटेत त्याला जुलाब लागतात, दुसऱ्या दिवशी गावच्या डॉक्टरकडे तो सलाईन लावून घेतो आणि मजुरीचे दोन दिवस बुडवतो. तो तुम्हाला फोन करून सांगणार आहे का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्यात हरिनाम सप्ताहाच्या एकादशीला भगर-आमटीचा प्रसाद झाला आणि शेकडो माणसे उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. रुग्णालयात जागा नव्हती. रस्त्यावर माणसे झोपवून, झाडांना दोऱ्या बांधून, दोऱ्यांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या, ती छायाचित्रे देशभर गेली. त्याच महिन्यात नांदेडच्या लोहा तालुक्यात कोष्टवाडीच्या महाप्रसादात बाधितांचा आकडा दोन हजारांच्या घरात गेल्याच्या बातम्या होत्या. ग्रुपवर काहींनी तेव्हा हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या. हसू नका. ती माणसे कोण होती? कोरडवाहू शेतकरी, मजूर, त्यांच्या बायका. बहुजनच. भगरीवरची बुरशी वाढताना घोषणा कोणत्या चालल्या आहेत हे पाहत नाही.

आणि बिहारमधले गंडामन. सारण जिल्हा, १६ जुलै २०१३. सरकारी शाळेतले फुकटचे जेवण. कीटकनाशकाने दूषित झालेले तेल. २३ मुले मेली. तेलाबद्दल स्वयंपाकिणीने शंका काढली होती आणि ती ऐकून घेतली गेली नाही, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. पुन्हा तीच म्हण, धरमाची गाय.

थोडे विज्ञान सांगणे भाग आहे, कारण आपल्या मंडळांत प्रबोधनाची भाषणे पुष्कळ होतात, पण टोपातल्या भातावर कोणी बोलत नाही. तांदळात एका जातीच्या जिवाणूची बीजे असतात, ती उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष भात पुन्हा गरम केल्याने जात नाही. मोठ्या टोपाच्या पोटात ही कोमट अवस्था तासन्‌तास टिकते. वरून थंड लागते, मधे ऊब धरलेली असते. डाळीचे आणि मटणाच्या रश्श्याचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेची पाच सूत्रे आहेत, ती कुठल्याही मांडवात फळ्यावर लिहिता येतील. हात-भांडी स्वच्छ ठेवा, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवा, पुरते शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, सुरक्षित पाणी आणि माल वापरा. चौथ्या सूत्राचा अर्थ असा की शिजलेले अन्न वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर राहावे आणि साध्या हवेत ते दोन तासांहून जास्त राहू नये. दोन तास म्हणजे मुख्य पाहुण्यांची वाट पाहण्याइतकाही वेळ नव्हे! म्हणूनच आमचे म्हणणे आहे की आमदार येईपर्यंत जेवण रोखून धरू नका. आमदार उशिरा आले तर त्यांना गार खाऊ द्या, नाहीतर उपाशी राहू द्या.

बुद्ध पौर्णिमेचे खीरदान हा तर जास्तच नाजूक विषय. सुजाताने सिद्धार्थाला खीर दिली, त्या आठवणीने आपण मे महिन्याच्या ऐन उन्हात शेकडो लिटर दुधाची खीर करतो. भावना सुंदर आहे. पण दूध, साखर, शिजलेला तांदूळ आणि चाळीस अंशांची उष्णता यांच्याइतकी जिवाणूंना आवडणारी पंगत दुसरी नाही. वाढणाऱ्याच्या बोटाला चिघळलेली जखम असेल आणि ते बोट खिरीत बुडाले, तर त्या जखमेतले जंतू जे विष तयार करतात तेही उकळून जात नाही. त्यावर उपाय महागडा नाही. मोठा एक टोप करण्याऐवजी चार लहान टोप, एकामागून एक. झाकण. लांब दांड्याचा डाव. जखम किंवा जुलाब असलेल्या कार्यकर्त्याला वाढण्याऐवजी रांग लावायचे काम. एवढेच.

सरबताच्या स्टॉलवर बर्फ येतो कुठून? मासळी थंड ठेवायचा, कारखान्यातला बर्फ खाण्याचा नसतो, आणि ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ मध्ये आला. निळा आपला रंग खरा, पण सरबतातला निळा बर्फ आपला नव्हे. वर्तमानपत्राच्या कागदावर भजी-पुऱ्या देणेही बंद करा. ती शाई पोटात जाते आणि अन्नासाठी वर्तमानपत्र वापरायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी मनाई आहे.

कोणी म्हणेल, हे सगळे सरकारी आणि पाश्चात्त्य, आपल्या धम्मात याचे काय? धम्मात पुष्कळ आहे. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगायच्या आठ वस्तूंत, पाणी गाळायचे गाळणे आहे. हेतू पाण्यातल्या जीवांची हत्या टाळण्याचा होता हे खरे, पण न गाळलेले पाणी प्यायचे नाही ही सवय अडीच हजार वर्षांपूर्वी लागली. विनयाचा नियम भिक्खूला भिक्षेत मिळालेले अन्न साठवून दुसऱ्या दिवशी खायला मनाई करतो. आणि चुंदाचे भोजन तर आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागत चुंदाला सांगतात की हा पदार्थ मलाच वाढ आणि उरलेला खड्डा करून पुरून टाक, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. त्यानंतर त्यांना तीव्र वेदना सुरू झाल्या. पुढे ते आनंदाला सांगतात की चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याच्या मनाला टोचणी लागू देऊ नये. तिथे कारण वेगळे दिले आहे, हे आम्ही लपवत नाही. पण दात्याच्या श्रद्धेला धक्का न लावता उरलेले अन्न जमिनीत पुरायला लावणारा शास्ता आपला आहे, आणि आपली मंडळे मात्र उरलेला भात संध्याकाळी 'वाया जायला नको' म्हणून पुलाखालच्या लोकांना नेऊन वाटतात. पुलाखालचा माणूस म्हणजे कचऱ्याची पेटी नव्हे. दुपारपासून उघड्यावर पडलेले जे अन्न तुम्ही स्वतःच्या मुलाला देणार नाही, ते त्याला देऊ नका.

नोंदणीबद्दल जी भीती घातली जाते, ती बहुतेक कागद न वाचल्याची भीती आहे. २०११ च्या परवाना व नोंदणी नियमांत लहान अन्न व्यावसायिकाची व्याख्या करताना हातगाडीवाला, फेरीवाला, तात्पुरता स्टॉल यांच्याबरोबर 'धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्नवाटप करणारा' असे स्पष्ट लिहिले आहे. त्याला परवाना नाही, साधी नोंदणी लागते. अर्जाचा नमुना 'अ', ओळखपत्र, फोटो आणि त्या नियमांत ठरलेले शुल्क वर्षाला १०० रुपये. बॅनरवर जेवढ्या नेत्यांची तोंडे छापता, त्यातले एक कमी केले तरी निघतील. सात दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, कारण देऊन नाकारावी किंवा तपासणीची नोटीस द्यावी. तुमचे म्हणणे ऐकल्याशिवाय आणि लेखी कारणाशिवाय ती नाकारता येत नाही. त्या सात दिवसांत यांपैकी काहीच झाले नाही तर काम सुरू करण्याची मुभा तेच नियम देतात. म्हणजे अर्ज १३ एप्रिलच्या रात्री करून 'साहेब अडवतात' असे म्हणता येणार नाही. महिनाभर आधी करा. मात्र केटरर या व्याख्येत येत नाही. जेवणाचे कंत्राट दिले असेल तर त्याचा स्वतःचा परवाना मागून पाहा आणि त्याची प्रत फाईलला लावा.

दुसरे कलम ६५. अन्नामुळे माणूस मेला तर किमान पाच लाख, गंभीर इजा झाली तर तीन लाखांपर्यंत, इतर इजेला एक लाखापर्यंत भरपाई. घेणारा ग्राहक आहे म्हटल्यावर हे कलम त्याच्या पाठीशी उभे आहे. मंडळाच्या अध्यक्षांना ते धमकीसारखे वाटेल. आम्हाला मात्र ते पहिल्यांदाच गरिबाच्या पोटाची किंमत लिहून ठेवल्यासारखे वाटते.

आता सरकारकडे वळू, कारण मंडळांना सुनावून प्रशासनाला मोकळे सोडणे आम्हाला मान्य नाही. नियम म्हणतो पिण्यायोग्य पाणी वापरा. कोणत्या नळाचे? ज्या वस्तीत पहाटे तासभर पाणी येते, जिथे पाण्याची वाहिनी गटाराला खेटून जाते, तिथल्या मंडळाला 'पिण्यायोग्य पाणी वापरा' असा कागद पाठवणे म्हणजे चेष्टा आहे. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने पोषणाचा आणि सार्वजनिक आरोग्याचा स्तर उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला, दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी लाखो लोक येतात, हे प्रशासनाला अचानक कळत नाही. तारखा ठरलेल्या आहेत. मग हात धुवायचे नळ किती? शौचालये किती आणि त्यांत पाणी किती वेळ? टँकरच्या पाण्यात क्लोरीन आहे का, हे पाहायची ओटी टेस्ट पाच मिनिटांची असते. ती प्रत्येक टँकरची होते का आणि निकाल कुठे लावला जातो? शौचाला जाऊन आलेल्या माणसाला हात धुवायला पाणी नसेल, तर आचाऱ्याच्या डोक्यावरच्या टोपीने साथ थांबत नाही.

आणि समान वागणूक. गणेशोत्सवाच्या तोंडावर महाप्रसादासाठी नोंदणीचे आवाहन होते, ते आम्ही वाचतो. पण आवाहन एक आणि तपासणी दुसरी. मोठ्या देवस्थानांसाठी केंद्राच्या अन्न प्राधिकरणाने 'भोग' नावाची योजना काढली. ब्लिसफुल हायजिनिक ऑफरिंग टू गॉड, म्हणजे देवाला आनंददायी आणि स्वच्छ नैवेद्य! त्यात प्रशिक्षण आहे, तपासणी आहे, प्रमाणपत्र आहे. देव आजारी पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही, आजारी पडतात ती माणसे. धर्मनिरपेक्ष राज्याच्या कायदेशीर संस्थेने नाव ठेवताना माणूस विसरावा, हे बोलके आहे. देवस्थानाला प्रशिक्षण आणि वस्तीला नोटीस, असा भेद कुठे दिसला तर तो लेखी विचारला पाहिजे. जे प्रशिक्षण देवळाच्या मुदपाकखान्यात देता, तेच भीमनगरच्या समाजमंदिरात द्या. रात्रभर पोळ्या लाटणाऱ्या आमच्या बायकांना बोलवा आणि त्या दिवसाची मजुरी बुडणार असेल तर ती भरून द्या.

अन्न सुरक्षा अधिकारी मांडवात आला तर त्याला हाकलू नका आणि त्याच्यापुढे वाकूही नका. ओळखपत्र विचारा, नोंदणीची प्रत दाखवा, पातेली दाखवा. नमुना घ्यायचा त्याला अधिकार आहे. तो घेताना त्याने लेखी सूचना द्यायची असते, नमुन्याचे चार भाग करून सीलबंद करायचे असतात आणि नेहमीच्या विक्रीदराने त्याची किंमत द्यायची असते. आपल्याकडे फुकट वाटतात, तेव्हा खिचडीचा दर काय धरायचा हे साहेबांनीच ठरवावे. वाजवी कारण नसताना त्रास देण्यासाठी जप्ती केली, तर कलम ३९ खाली त्या अधिकाऱ्यालाही एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम मांडवातल्या दोन पोरांना तरी पाठ असावे. आणि 'स्वयंपाक कोणी केलाय?' या प्रश्नाचे उत्तर आचाऱ्याचे नाव हे आहे. त्याच्या पुढे आडनाव, गाव, समाज असे प्रश्न येऊ लागले, तर वेळ, प्रश्न आणि साक्षीदार लिहून ठेवा. तो विषय अन्न सुरक्षेचा राहिलेला नाही आणि त्यासाठी अनुच्छेद १७ आहे, अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

येत्या जयंतीच्या बैठकीत डीजेच्या आधी हा विषय घ्या. जेवणाची जबाबदारी एका नावावर लिहा, ते नाव शक्यतो स्वयंपाक करणाऱ्या बायकांतले असू द्या आणि खर्चाचा अधिकारही तिच्याकडे द्या. पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आरोग्य विभागाला महिनाभर आधी पत्र द्या. त्यात टँकर किती, कोणत्या वेळी, क्लोरीनची तपासणी कोण करणार, हात धुण्याची आणि शौचालयाची सोय कुठे, त्या दिवशी रुग्णवाहिका कुठे उभी असेल, एवढेच विचारा. तेच पत्र ऑगस्टमध्ये गणेश मंडळांच्या महाप्रसादाबद्दल आणि नोव्हेंबरमध्ये महापरिनिर्वाणदिनाबद्दल पुन्हा द्या, म्हणजे कोणाला काय उत्तर मिळाले हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल. पोच घ्यायला विसरू नका, शिक्का आणि तारखेसह.